मामा, भाचा आणि मामा तलाव

सरकारी कागदालाही दम लागतो. ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव दर ओळीत लिहायचं म्हणजे कारकुनाचं बोट दुखणारच. म्हणून कुणीतरी ‘मा. मा. तलाव’ असं लिहिलं असेल, पुढच्या टेबलावरच्याने त्यातली टिंबंही गाळली असतील, आणि आमच्या भंडारा जिल्ह्यातले झाडून सगळे जुने तलाव बसल्या जागी मामा झाले. आता तहसील कचेरीपासून पानठेल्यापर्यंत सगळेच त्यांना मामा तलाव म्हणतात. बाकीच्या महाराष्ट्रातल्या पोरांना सुट्टीत मामाच्या गावाला जावं लागतं. आमच्याकडे मामाच गावात येऊन बसलाय, चांगली पाळ घालून, दोन-तीनशे वर्षांपासून.

मीही एक मामाच आहे, पण बिनपाळीचा. साकोली तालुक्यात आमचं गाव. मराठी शिकवत शिकवत निवृत्त झालो, आता चार बांध्या धान पिकवतो आणि वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करतो. दुसऱ्या कामाचा पगार नाही, पहिल्याचाही धड नाही.

तर मागच्या पावसाळ्यात भाचा आला. पुण्याला हिंजवडीत एका कंपनीत असतो. नेमकं काय करतो ते त्याने मला तीनदा सांगितलंय आणि तीनदा मी मान हलवली आहे. या खेपेला मात्र काम मला कळेल असं होतं. माणसांचं आणि पृथ्वीचं भलं करणारं तंत्रज्ञान कसं असावं, याची दहा मार्गदर्शक तत्त्वं त्याला लिहायची होती. कंपनीत ती इंग्रजीत होणार होती, पण साहेबांना ती मराठीतही हवी होती.

“मामाजी, तुम्ही फक्त भाषा बघा,” तो म्हणाला.

पहिलं तत्त्व ‘शाश्वत’ होतं. या शब्दाची मला भीती वाटते. ज्या फलकावर तो लिहिलेला असतो, तो फलक साधारण दोन पावसाळ्यांत गंजतो. दुसरं ‘सर्वसमावेशक’. हा शब्द इतका मोठा की त्यात सगळे मावतात आणि कोणी दिसत नाही. तिसरं ‘पारदर्शक’, चौथं ‘उत्तरदायी’. तिथे मी चष्मा काढला आणि म्हणालो, “भाषा बरोबर आहे. पण हे वाचून माझ्या डोळ्यासमोर काहीच येत नाही.”

“तत्त्वं आहेत, मामाजी. डोळ्यासमोर कशी येतील?”

आता यावर काय बोलणार! शिवाय घरात त्याला रेंजही मिळत नव्हती. आमच्या गावात फोनला रेंज मिळते ती फक्त तलावाच्या पाळीवर, कारण गावातली तीच उंच जागा. गावातल्या सगळ्या सोयरिकी, सगळी भांडणं आणि अलीकडे सगळे ऑनलाइन फॉर्म पाळीवरच होतात. भाच्याने लॅपटॉप उचलला, मी छत्री आणि पाण्याची बाटली उचलली, आणि मार्गदर्शक तत्त्वांचं कार्यालय मोहाच्या झाडाखाली उघडलं.

मामा तलाव पाहिला नसेल त्याच्यासाठी सांगतो. पाहण्यासारखं त्यात फार काही नाही, हीच त्याची गंमत आहे. सिमेंट नाही, बुरूज नाही, उद्घाटनाची कोनशिला नाही. जमिनीला उतार असतो, त्या उताराला आडवी मातीची लांबलचक पाळ. वर पाणी, खाली धानाच्या बांध्या, आणि बांध्यांच्या अलीकडे गाव. जास्तीचं पाणी सांडव्यावरून खाली उतरतं आणि उगाच वाया जात नाही; खालच्या अंगाला दुसरा तलाव किंवा निदान एखादी बोडी तोंड उघडून बसलेली असते. तिचं पोट भरलं की पाणी आणखी खालच्या बोडीत. आमच्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो हप्त्याने येत नाही, एकरकमी येतो. रोवणीच्या ऐन वेळी पंधरा दिवस दडी मारून बसायची त्याला खोड आहे. ते पंधरा दिवस काढण्यापुरती ही सगळी खटपट. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली धरून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले आहेत.

ते बांधले मुख्यतः कोहळी समाजाने. गोंड राजांच्या काळात हे लोक आले, बनारसकडून आले असं त्यांच्यात सांगतात. तलाव बांधील त्याला ओलिताखाली येईल तेवढी जमीन, अशी चांद्याच्या गोंड राजांनी सवलत दिल्याचीही आठवण सांगितली जाते. हातात दुर्बीण नाही, नकाशा नाही. नुसतं शिवार पायाखाली घालून पाणी कुठून येईल आणि कुठे अडेल हे त्यांना कळायचं, याचं कौतुक इंग्रज अधिकाऱ्यांनीही लिहून ठेवलंय. त्यांच्यातला थोर पुरुष कोलू पाटील. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने नवेगावबांध बांधला. सात डोंगरांच्या मधल्या फटी तेवढ्या बुजवल्या, बाकीची भिंत डोंगरांनीच दिली. त्या डोंगरांना सातबहिणी म्हणतात. कोलू पाटील मेल्यावर लोकांनी त्याचा देव केला. जगात कितीतरी इंजिनिअर होऊन गेले, पुलाला नाव मिळालं, चौकात पुतळा मिळाला. पण कोंबडा आणि नारळ मिळालेले फार थोडे असतील. 1999 साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्या वाटणीत नवेगावबांध तिकडे गेला. भावाभावांच्या वाटणीत थोरला मामा धाकट्याकडे राहायला गेला, एवढंच.

हे सगळं मी भाच्याला सांगत होतो. तो अर्धं ऐकत होता, अर्धं टाइप करत होता. तेवढ्यात बाबाजी आले.

बाबाजी म्हणजे आमच्या तलावाचं गेट उघडणारे-लावणारे. सत्तरी कधीच ओलांडली. नेमणूक कोणाची, पगार कोणता, हे विचारू नये. त्यांचे वडील हेच करत, म्हणून ते करतात. हातात फावडं, खांद्यावर दुपट्टा. भाच्याकडे बघत त्यांनी विचारलं, “काय लिवून रायला गा पोट्टा?”

मी जमेल तसं सांगितलं. माणसांच्या भल्याचं यंत्र कसं असावं, त्याचे नियम.

बाबाजी पाळीवरून खाली गावाकडे बघत राहिले. मग फावड्याच्या दांड्याने एक कौलारू घर दाखवलं, अगदी पाळीच्या पायथ्याशी, पहिल्याच ओळीत. “ज्यानं हे पार बांधली, त्याचं घर थे. आमच्या बुढ्यानं सांगलं. पार फुटली असती तं पयले थोच वाहला असता.”

आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, पाळीची पार होते. भाच्याला वाटलं बाबाजी कुठल्या पारावरच्या माणसाबद्दल बोलतायत. मी उलगडून सांगितलं तेव्हा त्याची बोटं थांबली.

माझ्या मते त्या दिवसाचं काम तिथेच संपलं होतं. ज्याने पाळ बांधली त्याची बायको-पोरं पाळीखाली झोपत होती. त्याला दुसरं कुठलं तत्त्व लागलं असेल? रात्री पावसाचा जोर वाढला की तो कंदील घेऊन पाळीवर जात असणार, आणि ते काही ‘उत्तरदायी’ हा शब्द आठवून नव्हे. मी भाच्याला विचारलं, “तू जे बनवतोस ते फुटलं तर पाणी कुणाच्या घरात शिरतं?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आम्ही वरच्या मजल्यावर असतो, मामाजी.” विनोद म्हणून म्हणाला. हसलं कुणीच नाही.

तलावाचं असं गुणगान लावलं की मालगुजारांचे दिवस सोन्याचे होते असा कुणाचा समज व्हायचा. तसं काही नव्हतं. मालगुजार काही संत नव्हते. पाणी आधी त्यांच्या उसाला, मग त्यांच्या धानाला, मग सोयऱ्याधायऱ्यांना. शेवटच्या कुळाच्या बांधीत पोचेपर्यंत पाण्याचा नुसता निरोप यायचा. उन्हाळ्यात गाळ उपसायला मात्र शेवटचं कूळ सगळ्यात आधी. ‘लोकांच्या भल्यासाठी’ असं भाच्याच्या कागदावर चार ठिकाणी होतं, तिथे चारही ठिकाणी मी पेन्सिलीने ‘कोणत्या?’ असं लिहून ठेवलं. मास्तरकीची खोड.

1950 साली मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी मोडणारा कायदा केला. हो, तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर. कायदा न्यायाचाच होता. जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, तलाव सरकारचे झाले, गावाचे निस्ताराचे, म्हणजे वापराचे, हक्क कागदावर आले. फक्त एक गोष्ट कागदावर यायची राहिली: रात्री कंदील घेऊन पाळीवर कोणी जायचं? मालगुजाराला वाटलं, तलाव आता सरकारचा. सरकारला वाटलं, ओलीत गावाचं. गावाला वाटलं, पट्टी मागतात तर दुरुस्तीही तेच करतील. तलाव ‘माजी’ झाला तो तेव्हा. हळूहळू गाळ चढला. काठाने बेशरम माजली. हे झुडूप दक्षिण अमेरिकेतून आलेलं. दिसायला जांभळी सुंदर फुलं, जनावर तोंड लावत नाही, उपटली तर पुन्हा येते. नाव ठेवणाऱ्याने विचारपूर्वक ठेवलंय. तळातल्या देशी पाणवनस्पती गेल्या, त्यांच्याबरोबर देशी मासळी घटली, आणि जाळं टाकणाऱ्या ढिवरांच्या हाती सरकारी बीजाचे रोहू-कतला तेवढे उरले. तिकडे अर्जुनी मोरगावच्या बाजूला भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या लोकांनी ढिवर बायामाणसांच्या बरोबरीने काही तलावांतली बेशरम काढली आणि तळात पुन्हा देशी वनस्पती लावल्या. कोणती वनस्पती कुठे लावायची हे ढिवरांना विचारून. विचारून, हे महत्त्वाचं.

विचारण्यावरून आठवलं. मागल्या उन्हाळी धानाच्या वेळची गोष्ट आहे आणि त्यात मीच आरोपी आहे.

शेतीची लाइन रात्री येते. कधी बाराला, कधी दोनला. थंडीत उठून, टॉर्च घेऊन, सापाला हाका मारत मोटार सुरू करायला जायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून मी ‘ऑटो’ बसवला. छोटासा डबा असतो. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. मी रात्री रजई ओढून पडायचो, अंधारात माझी मोटार सुरू झाल्याचा आवाज ऐकायचो आणि विज्ञानाचे आभार मानून कूस बदलायचो. चार दिवसांत शेजाऱ्याने ऑटो बसवला. मग त्याच्या शेजाऱ्याने. महिनाभरात एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, वीस-पंचवीस मोटारींना ऑटो लागले.

आणि एका रात्री लाइन आली. मोटार सुरू होताना चालू मोटारीच्या पाचसहा पट करंट ओढते, हे मला नंतर कळलं. सगळ्या मोटारी एका क्षणाला उठल्या, जणू मास्तर वर्गात आल्यावर पोरं उठतात तशा. आकाशात एक निळा भपका झाला. गावातली कुत्री भुंकली. डीपी गेली.

नवी डीपी येईपर्यंतचे अकरा दिवस मी मोजलेत. अर्ज कुणाकडे केला, तिथून काय उत्तरं आली, ते सांगत नाही. ज्याची डीपी जळाली आहे त्याला ते पाठ आहे आणि ज्याची जळाली नाही त्याला खोटं वाटेल. बांध्यांना भेगा पडल्या. प्रत्येकाने स्वतःच्या सोयीपुरतं अगदी शहाणपणाचं केलं होतं. त्या ऑटोच्या डब्याचाही दोष नव्हता, त्याने सांगितलेलं काम चोख केलं. फक्त त्याला शेजार नावाची वस्तू ठाऊक नव्हती. तो बसवताना मलाही नव्हती.

तोड काढली ती बाबाजींनी. तलावाचं पाणी सोडताना जशी पाळी असते, आज वरच्या अंगाचे, उद्या मधले, परवा शेपटाकडचे, तशी त्यांनी मोटारींची पाळी लावली. सगळ्यांनी ऑटो काढले. लाइन आली की पहिला जाणार, त्याची मोटार लागली की तो शीळ घालणार, मग दुसरा. तीनशे वर्षांपूर्वीचा कायदा विजेला लावला आणि वीजही मुकाट्याने वागली. मी पुन्हा टॉर्च घेऊन सापाला हाका मारतो. पण एक सांगतो, बारा वाजता गावभर एकामागून एक शिळा घुमतात तेव्हा झाडीपट्टीच्या नाटकाचा पडदा वर जातोय असं वाटतं.

भाच्याने ही गोष्ट मनापासून ऐकली. “याला आमच्याकडे मोठं नाव आहे,” म्हणाला. असेल. नाव मोठं असलं की डीपी जळत नाही असं थोडंच आहे.

दुपारी मामी डबा घेऊन आली. म्हणजे आमच्या घरचं माणूस, भाच्याची मामी. रोवणीचे दिवस, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, डोक्यावर पन्नी बांधलेली. रोवणी पाहिली आहे का कुणी जवळून? बाया एका ओळीत वाकतात. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने तीन-चार काड्या सुटतात, अंगठा आणि दोन बोटं चिखलात जातात आणि बाहेर येतात, आणि बाई एक पाऊल मागे सरकते. दिवसभर मागे, मागे. समोर हिरवं होत जातं आणि ती त्याच्यापासून लांब जात राहते. माझ्या पाहण्यात हे एकच काम असं आहे की मागे सरकल्याशिवाय ते पुढे जातच नाही. संध्याकाळी बांधीच्या धुऱ्यावर बसून त्या कंबर सरळ करतात तेव्हा हाडांचा आवाज ऐकू येतो. नांगरणीला ट्रॅक्टर आला, फवारणीला पंप आला आणि आता ड्रोनही येतोय, मळणीला मशीन आलं. म्हणजे पुरुषांच्या हातातलं जे जे होतं त्याला आधी चाकं लागली. रोवणीची यंत्रंही निघाली आहेत, पण आमच्या चिंचोळ्या बांध्यांत ती अजून वळत नाहीत, आणि वाकणारी कंबर बाईची असल्यामुळे कुणाला फारशी घाईही नाही.

भाच्याने तिला विचारलं, “मामी, कसलं मशीन पाहिजे तुम्हाला?”

तिने डबा उघडत म्हटलं, “माझ्या कमरेएवढ्या उंचीची बांधी कर.” आणि मग भाकरी वाढताना, जरा थांबून, “पण सगळंच काम नको नेऊस. कापणीला हार्वेस्टर आला तर मजुरी गेली बायांची. आणि तनस पार चुरून टाकतो तो. जनावराले काय घालायचं?”

यावर मला 1929 सालची एक जाहिरात आठवली. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, त्या काळचे एक लाख. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलकं हवं, झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यायला हवं. बाईला आठ तास फार दमणूक न होता त्यावर काम करता आलं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकलं पाहिजे. आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या वर जाता कामा नये. त्यात ‘सर्वसमावेशक’ नाही, ‘शाश्वत’ नाही. झोपडी आहे, बाई आहे, दीडशे रुपये आहेत आणि वीस वर्षं आहेत. किर्लोस्करवाडीलाही त्यासाठी एक यंत्र तयार झालं होतं. बक्षीस मात्र शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. मला वाटतं, दुरुस्तीची अट ऐकूनच पुष्कळ जण परत फिरले असतील. आजच्या फोनला ती अट लावून बघा. दुकानदार तुम्हाला पाणी विचारणार नाही.

भाच्याने ती अट तेवढी लिहून घेतली आणि आपल्या फोनकडे बघितलं. त्याची काच तडकली होती, ती बदलण्यापेक्षा नवा फोन स्वस्त पडेल असं त्याला सांगण्यात आलं होतं. जुना फोन कुठे जातो, मी विचारलं. “जातो कुठेतरी,” तो म्हणाला.

कुठेतरी! हा शब्द आम्हा भंडाऱ्याच्या लोकांसमोर जपून वापरावा. नागपूरला माणूस सकाळी कळ दाबतो, पाणी खळखळतं, आणि सगळं जातं कुठेतरी. ते नाग नदीत जातं, नाग नदीचं पाणी कन्हानला मिळतं आणि अंभोऱ्याला कन्हान येऊन वैनगंगेला मिळते. तिथे आता केबलचा देखणा पूल झालाय, त्याला उंचावर गॅलरीही आहे, लोक फोटो काढतात. खाली गोसीखुर्दचं पाणी तुंबलेलं. त्या धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी केलं, अंदाजपत्रक 372 कोटींचं. अंदाज या शब्दाचा अर्थ मी पोरांना इतकी वर्षं शिकवला, पण खरा कळला तो तेव्हापासून. त्याच्या पाण्याने पिकलेलं धान मी पाहिलंय, उगाच नावं ठेवायची नाहीत. पण पाळीखाली पहिल्या ओळीत घर असलेला त्याच्या बांधणाऱ्यांत कोणी नव्हता. गाव सोडून जावं लागलेल्यांची घरं तेवढी होती, आणि ती पाळीच्या वरच्या अंगाला होती.

संध्याकाळी घरी आईने भाच्याला रेशनची गोष्ट सांगितली. ती आता सगळ्यांना सांगते. रेशन दुकानात अंगठा लावायचं यंत्र आलं तेव्हाची. आईने आयुष्यभर रोवणी केलेली. चिखलाने, पाण्याने, पऱ्ह्यांच्या काड्यांनी अंगठ्यावरच्या रेषा कधीच पुसून गेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र नाही म्हणालं. लुगड्याला पुसून ठेवला, नाही. कुणी सांगितलं केसांवर घासा, थोडं तेल लागलं की उठतो. घासला, तरी नाही. मागे रांग. “मीच मी नाही म्हने,” आई म्हणते आणि हसते, पण त्या दिवशी ती हसली नव्हती. ज्या हाताने तांदूळ पिकवला तोच हात तांदूळ घेताना परका ठरला. मराठीत कुणाला फसवणं याला मामा बनवणं म्हणतात. त्या यंत्राने आईलाच मामा बनवली. शेवटी माझ्या भावाचा अंगठा चालला. पेन धरणाऱ्या अंगठ्यांच्या रेषा शाबूत असतात.

भाच्याने आजीचा अंगठा हातात घेऊन मोबाइलच्या उजेडात पाहिला. गुळगुळीत. उगाच बोलला नाही काही, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने बॅगेतून ड्रोन काढला. खेळण्यातलाच म्हणायचा, पण कॅमेरा चांगला. पाळीवरून उडवला तशी बगळ्यांची रांग उठली आणि गावातली अर्धी शाळा गोळा झाली. मी मनात म्हटलं, झालं, आता पुण्याची करामत पाहायची. बाबाजी दुपट्टा डोक्याला गुंडाळून एका बाजूला बसले होते, तंबाखू मळत. भाच्याने त्यांना पडद्यावर तलाव दाखवला. आपला तलाव वरून पहिल्यांदाच पाहत होते ते. आधी त्यांना घर सापडेना, मग मोह सापडला, मग घर. आणि मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

“हे काऊन हिरवं दिसून रायलं?”

पाळीच्या खालच्या अंगाला, बाकीचं गवत मळकट असताना, एक बोटभर पट्टा गर्द हिरवा होता. भाच्याने चित्र मोठं केलं. बाबाजींनी तंबाखू तोंडात न टाकता तशीच झटकली आणि उठले. पाळीवरून रोज दोन खेपा घालणारा माणूस; झुडपाआडचा हा पट्टा त्यांच्या नजरेतून सुटला होता आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

“खेकडा,” ते चालता चालता म्हणाले. “बीळ केलन पारीत. पानी झिरपून रायलं.”

खेकड्याच्या बिळातून पाणी वाट काढतं, वाट रुंद होते, आणि एखाद्या मुसळधार रात्री पाळ बसते. आम्ही तिघं उतरलो. बाबाजींनी झुडूप तोडलं, फावड्याने बीळ मोकळं केलं. कोपरापर्यंत हात आत घालून त्यांनी ओल कुठवर आहे ते चाचपलं. मग तलावाच्या काठची चिकट काळी माती घमेल्यात भरून आणायची, बिळात ठासायची, पायाने तुडवायची, पुन्हा आणायची. भाच्याने जीन्स गुडघ्यावर दुमडली. तिसऱ्या घमेल्याला तो पाय घसरून बसला, पाचव्याला त्याला चिखलात पाय कसा टाकायचा ते समजलं. मागून आभाळ भरून येत होतं, आणि बाबाजी सारखे वर बघत होते.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. पाळीखाली असूनही नेमकी रेंज होती. कंपनीची मीटिंग, दहा तत्त्वांचीच. त्याने फोन काढला, वाजायचा थांबला तसा उघडायला अंगठा लावला. अंगठ्याला काळी माती, आणि तासभर पाण्यात राहून कातडी सुरकुतलेली. फोन थरथरला आणि नाही म्हणाला. त्याने अंगठा जीन्सला पुसला, पुन्हा लावला. नाही. केसांवर घासला. नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. पहिला थेंब घमेल्यावर टपकन वाजला.

“रावू दे गा थे,” बाबाजी म्हणाले. “दोन घमेले अजून आन.”